औलाद : अमानत की पुरावा?

खारघर हे सिडकोने वसवलेले शहर. काही दशकांपूर्वी पांडवकड्याच्या पायथ्याशी भातखाचरे होती, तिथे आज सेक्टरांना आकडे आहेत आणि इमारतींना इंग्रजी नावे. या इमारतींत रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली बरीच मुस्लिम कुटुंबे राहायला आली आहेत. फ्लॅटचे पैसे कुणाचे कुवेतहून आले, कुणाचे दम्मामहून. कुणाचा मुलगा लंडनला, कुणाचा टोरांटोला. साहजिकच इथे मुलीचा निकाह ठरला की शादीच्या कार्डापाठोपाठ पासपोर्टची चर्चा सुरू होते. नवरा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, निकाह होतो, वलीमा होतो आणि तो परत जातो. नवी सून सासूसोबत राहते. मग येणारे-जाणारे तिला दोन प्रश्न विचारतात. व्हिसाचे काय झाले? आणि, काही खुशखबर? काही महिन्यांत हे दोन प्रश्न एकच होऊन बसतात. कुणी मामी, कुणी फुफी, कधी एखादा एजंट सांगून जातो की एकदा मूल झाले की व्हिसा अडत नाही, गोऱ्यांचे सरकार लेकराला आईपासून तोडत नाही.

या सल्ल्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. मूल असल्याने जोडीदाराच्या व्हिसाला मदत होते का, हा माहितीचा प्रश्न. व्हिसासाठी मूल जन्माला घालावे का, हा नैतिक प्रश्न. पहिल्याचे उत्तर जाणकार वकील दहा मिनिटांत देईल. दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण मूल ही चांगलीच गोष्ट, ती कुठल्याही कारणाने झाली तरी चांगलीच, असे आपण धरून चालतो.

आधी माहितीचे पाहू. अमेरिकेत पती-पत्नीच्या अर्जासोबत विवाह खरा असल्याचे पुरावे द्यावे लागतात. एकत्र घर, एकत्र बँक खाते, ओळखीच्यांची शपथपत्रे आणि दोघांच्या मुलांचे जन्मदाखले, अशी यादी तिथल्या नियमांतच दिलेली आहे. कॅनडाने तर एका काळात हे उघडच लिहून ठेवले होते. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१७ या काळात तिथे नियम असा होता की ज्या जोडप्याचे नाते दोन वर्षांचे किंवा त्याहून कमी आहे आणि ज्यांना सामाईक अपत्य नाही, त्यातल्या बाहेरून आलेल्या जोडीदाराने दोन वर्षे एकत्र राहून दाखवले तरच त्याचे कायम वास्तव्य टिकेल. अपत्य असेल तर ही अट नाही. म्हणजे मामी-फुफी म्हणतात ते अगदीच हवेतले नाही. मूल हा नाते खरे असल्याचा पुरावा म्हणून मोजला जातो.

पण त्यापुढे काय? ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जासाठी साधारणपणे वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते. त्याआधी २०१२ पासून ही मर्यादा १८,६०० पौंडांची होती, आणि ब्रिटिश नागरिक नसलेले मूल सोबत नेायचे असेल तर पहिल्या मुलासाठी आणखी ३,८०० पौंड दाखवावे लागत. तिथे मूल पुराव्याच्या रकान्यात जमेला होते आणि पैशाच्या रकान्यात खर्चाला. वडील रत्नागिरीत जन्मून पुढे स्वतः अर्ज करून ब्रिटिश नागरिक झाले असतील, तर पनवेलच्या इस्पितळात जन्मलेले त्यांचे मूल जन्मतः ब्रिटिश ठरते. त्याला पासपोर्ट मिळतो. आईला मात्र उत्पन्नाची, इंग्रजी परीक्षेची, सगळी अट पार करावीच लागते. लेकराला आईपासून तोडत नाहीत ही समजूत इथे उलटी पडते; लेकरू जाऊ शकते आणि आई विमानतळाच्या अलीकडे राहू शकते. अमेरिकेत जन्मून नागरिक झालेले मूलही आईवडिलांसाठी अर्ज करू शकते ते एकवीस वर्षांचे झाल्यावर. आखाताची गोष्ट तर सोडाच. तिथे कुटुंबाचा व्हिसा ठरतो तो मुख्यतः नवऱ्याच्या पगारावर. तिथे जन्मलेल्या आपल्या मुलाला त्या देशाचे नागरिकत्व मिळत नाही, ते भारतीय पासपोर्ट घेऊनच वाढते.

दोन मुले असूनही नवऱ्याचा पगार कमी पडला म्हणून नकार आलेले कुटुंब मी जवळून पाहिले आहे. मूल नसताना पहिल्या फटक्यात व्हिसा मिळालेलेही पाहिले आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी थोडे फिकहच्या अंगणात जावे लागेल.

आपल्या शरीयतीत मुलाचा नसब ठरतो तो निकाहावरून. मूल हे फिराशचे, म्हणजे वैवाहिक शय्येचे, असा नियम आहे. निकाह सिद्ध असला की त्या निकाहात जन्मलेल्या मुलाचा बाप कोण हे कुणी विचारायचे नाही. इस्लामी कायद्याने हा नियम केला तो मुलाच्या संरक्षणासाठी. कुणाच्या संशयामुळे एखादे लेकरू बेवारस ठरू नये म्हणून. इंग्रजांनी १८७२ चा पुरावा कायदा केला त्यातल्या कलम ११२ मध्येही वैध विवाहात जन्मलेले मूल औरस असल्याचे निर्णायक प्रमाण विवाहच मानला होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये तेच कायम आहे. दोन्ही परंपरांत दिशा एकच: मोठ्यांचा करार आधी, त्याच्या सावलीत मूल. करार साक्ष देतो, मूल निर्धास्त असते.

व्हिसाच्या खिडकीवर ही दिशा उलटी होते. तिथे दोन साक्षीदार, वकील, काझी, मेहेरची रक्कम, निकाहनाम्यावरच्या सह्या यांच्यावर विश्वास नाही. तिथे लेकराला उभे करून विचारले जाते की तुझ्या आईबापाचे लग्न खरे की खोटे, ते तू सांग. ज्याच्या संरक्षणासाठी करार होता, त्याच्याच अंगावर कराराच्या साक्षीचे ओझे येते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मूल जन्माला घालणाऱ्या जोडप्याच्या नियतीकडे आपण नंतर पाहू.

न्यायाने बोलायचे तर सरकारांचा संशय निव्वळ दुष्टपणातून आलेला नाही. कागदावरची लग्ने होतात, पैसे देऊन होतात, आपल्या समाजातही झाली आहेत. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदीची दप्तरे जळाली, तेव्हा चिनी लोकांना बंदी घालणाऱ्या कायद्यातून वाट काढायला कितीतरी चिनी तरुण कागदावरचे मुलगे बनून अमेरिकेत गेले. खऱ्या बापाचे नाव टाकून विकत घेतलेल्या बापाचे नाव लावून ते आयुष्यभर राहिले. दार फारच अरुंद केले की माणसे नातीही घडवतात. तेव्हा तपासणी करूच नका असे म्हणता येणार नाही. तपासणी कशाची आणि कुणाच्या शरीरावर, एवढेच विचारायचे आहे.

हा प्रश्न कोकणी मुसलमानाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले आपले लोक केपटाऊनला जाऊन राहिले. त्यांच्या बोलीला तिथे आजही कोकणीच म्हणतात. त्या देशात मार्च १९१३ मध्ये केपच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हसन इसप नावाच्या भारतीय मुसलमानाचा खटला आला. त्याची बायको बाई मरियम हिला उतरू दिले नव्हते. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्माच्या पद्धतीने झालेले लग्न या देशाच्या कायद्यात लग्नच नाही. हसन इसपला एकच बायको होती का, याने काही फरक पडला नाही. एका निकालाने हिंदू, मुसलमान, पारशी अशा हजारो बायका कायद्याच्या दृष्टीने बायका राहिल्या नाहीत आणि त्यांची मुले औरस राहिली नाहीत. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या कायद्याने अखेर एक बायको आणि तिची अल्पवयीन मुले यांना मान्यता मिळाली.

पुढे १९२७ चा केपटाऊन करार झाला. त्यानंतरची अट अशी होती की अल्पवयीन मूल यायचे असेल तर, काही अपवाद सोडता, त्याची आई सोबत आली पाहिजे किंवा आधीच तिथे असली पाहिजे. त्याआधी आपल्या लोकांची रीत वेगळी होती. बायको गावी, शेतीवाडी आणि म्हातारे सांभाळायला. मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की बापाच्या दुकानात मदतीला. नव्या अटीने त्या मुलाच्या प्रवेशासाठी आई हा दस्तऐवज झाला. आज मूल हे आईच्या प्रवेशाचा दस्तऐवज आहे. शंभर वर्षांत कागदाची दिशा बदलली, पण घरातल्या कुणाला तरी कागद व्हावे लागते हे बदलले नाही.

ब्रिटनचा इतिहास याहून कडवट आहे. १९७० च्या दशकात उपखंडातून येणाऱ्या मुलांचे वय ठरवायला त्यांच्या हाडांची क्ष-किरण चित्रे काढली जात. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची, ती खरोखरच अविवाहित आहे का हे पाहण्यासाठी, शारीरिक तपासणी झाली. बातमी फुटली तेव्हा दोन्ही देशांत संताप उसळला आणि ही पद्धत बंद करावी लागली. १९८५ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या अॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेली डीएनए चाचणी पहिल्यांदा वापरली गेली ती कुठल्या खुनाच्या तपासात नव्हे. घानाहून ब्रिटनला परतलेला एक मुलगा आपल्या आईचाच मुलगा आहे का, हे ठरवण्यासाठी ती वापरली गेली. तो तिचाच निघाला. चाचणीने त्या मायलेकांचे भले केले हे खरे. पण आपण तिचेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्या मुलाला रक्त द्यावे लागले, हेही तितकेच खरे.

त्याच काळात तिथे एक विचित्र नियम होता. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराने, प्रत्यक्षात मुख्यतः उपखंडातल्या नवऱ्याने, सिद्ध करायचे की आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहायला मिळणे हा नव्हता. नसलेला हेतू माणूस सिद्ध कसा करणार? मुलाखतीत कुणी प्रामाणिकपणे म्हणाला की तिकडे कामधंदा बरा मिळेल, की तेच त्याच्याविरुद्ध जाई. आईबापांनी ठरवलेले लग्न, सासुरवाडीच्या देशात जाणारा मुलगा, सगळेच संशयास्पद. न्यायालयांनी हळूहळू मान्य केले की लग्नानंतर दोघांत दिसलेली माया, पत्रे, भेटी, मुले यांवरून आधीचा हेतूही ओळखता येतो. मग १९९२ मध्ये सरकारने सवलत दिली: लग्न खरे असून पाच वर्षे टिकले असेल, किंवा जोडप्याच्या एखाद्या मुलाला ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क असेल, तर या मुद्द्यावर नकार देऊ नये. सवलत दयेची होती. पण तिचा घराघरात काय अर्थ लागला असेल याची कल्पना करायला फार हुशारी नको. पाच वर्षे थांबा, नाहीतर मूल होऊ द्या. जून १९९७ मध्ये नवे सरकार आल्यावर तो नियमच रद्द झाला. त्याने पेरलेली समजूत अजून खारघरच्या दिवाणखान्यात ऐकू येते.

इथवर दोष खिडकीपलीकडच्यांचा. आता अलीकडे पाहू.

नियतीची हदीस आपल्याला मदरशाच्या पहिल्या वर्गापासून पाठ असते. सहीह बुखारीची सुरुवातच तिने होते. कर्मे नियतीवर अवलंबून असतात, हा तिचा पहिला भाग सगळे सांगतात. दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि तो आपल्या विषयाशी इतका जुळतो की आश्चर्य वाटावे. त्यात उदाहरण दिले आहे ते हिजरतचे, म्हणजे देशांतराचे. ज्याची हिजरत अल्लाह आणि रसूलसाठी, त्याची ती तशी. ज्याची दुनियेच्या लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी निकाह करण्यासाठी, त्याची ती त्यासाठीच. उलेमा या संदर्भात उम्मे कैस नावाच्या स्त्रीशी लग्न व्हावे म्हणून मदीनेला गेलेल्या माणसाची गोष्टही सांगतात. लक्षात घ्या, त्याची हिजरत रद्द झाली नाही, त्याला परत पाठवले नाही, त्याचा निकाह खोटा ठरवला नाही. त्याला जे हवे होते ते मिळाले, आणि तेवढेच मिळाले. हेतू तपासण्याचे काम रसूलुल्लाहांनी कुठल्या अधिकाऱ्याकडे दिले नाही, ते माणसाचे आणि अल्लाहचे आपसातले ठेवले.

म्हणून हेतू भेसळीचा आहे एवढ्यावरून मी कुणाला दोष देणार नाही. खरे तर शुद्ध हेतूने जन्मलेले मूल शोधून सापडणार नाही. आपल्या आजोबांना शेतात हात हवे होते. कुणाला वारस हवा होता, कुणाला म्हातारपणाची काठी, कुणाला चार मुलींवर एक मुलगा, कुणाला नुसती सासूची तोंडे बंद करायची होती. अशा कारणांनी जन्मलेली मुलेच आपण सगळे आहोत आणि आपल्यावर मायेचा तुटवडा पडला नाही. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ सांगून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला केवळ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मूल कशाच्या तरी उपयोगी पडले तर ते पाप नव्हे.

मग व्हिसाच्या कारणात वेगळे काय आहे? मला वाटते ते कारण मुदतीचे असते. शेतात हात हवे असलेल्या बापाला मुलगा वीस वर्षांनीही हवा असतो. पासपोर्टवर शिक्का पडला की व्हिसाचे कारण त्याच दिवशी संपते, आणि मूल उरते. नकाराचा कागद आला तरी कारण संपते, आणि मूल उरते. दुसरे असे की हे कारण बहुतेक वेळा तिचे नसते. ते घराचे असते, एजंटाचे असते, कधी फोनवरून नवऱ्याचे असते. गर्भ मात्र तिचा.

निकाहनाम्याचे उर्दूतून इंग्रजीत भाषांतर करून द्यायला लोक माझ्याकडे येतात. अशीच एक मुलगी आली होती. नवरा इंग्लंडमध्ये, निकाहाला आठ महिने झालेले, बी.एड.चे दुसरे वर्ष चालू. कागद तपासता तपासता तिने खाली पाहत विचारले, "खाला, त्या फॉर्ममध्ये मुलांचा रकाना असतो. तो रिकामा राहिला तर नाकारतात का?" मी म्हटले, नाही बेटा, रकाना माहितीचा असतो, अटीचा नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही आमच्या अम्मींना सांगाल का? मी सांगितलेले त्यांना खरे वाटत नाही." अम्मी म्हणजे तिची सासू. मी सांगितले. सासूबाई वाईट नव्हत्या. मुलाचा संसार मार्गी लागावा एवढीच त्यांची ओढ होती, आणि बाळाची आसही खरीच होती. मूल हवेच आहे तर आत्ताच का नको, असे त्यांचे म्हणणे. ते चूकही म्हणता येत नाही. पण या सगळ्यात त्या मुलीला हवे की नको हा प्रश्न त्या घरात कुणी उच्चारलेला नव्हता. तिने परीक्षा दिली, मग अर्ज केला. व्हिसा आला. या एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. त्याच मसलकाचे इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी एहयाउल उलूममध्ये निकाहाच्या प्रकरणात अज्लचा, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या खबरदारीचा, विचार केला आहे. त्यांनी एकच फतवा देऊन विषय संपवला नाही. कुठल्या नियतीने, हे एकेक करून तपासले. बायकोचे सौंदर्य आणि तब्येत टिकावी, जास्त मुलांनी कमाईची ओढाताण होऊ नये, ही कारणे त्यांनी चालवून घेतली. मुलगी होईल या भीतीने केलेले मात्र वाईट ठरवले. मूल न होऊ देण्याच्या हेतूची अशी बारकाईने छाननी नऊशे वर्षांपूर्वी झाली. मूल होऊ देण्याच्या हेतूची छाननी करायला आपण का कचरावे? अज्लला बायकोची संमती हवी की नको यावर मसलकांत मतभेद होते. हनफी, मालिकी आणि हंबली फुकहांनी सामान्यतः ती हवी म्हटले. मूल न होऊ देण्याला तिची संमती लागते असे म्हणणारे फिकह, मूल होऊ देण्यात तिचे मत गौण मानील हे मला पटत नाही.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे, आणि कुणी विचारले तर तीच सांगते. उद्या नकार आला, आणि पुढली पाच वर्षे येतच राहिला, तरी हे मूल तुम्हाला आत्ता हवे होते असे दोघे म्हणाल का? म्हणत असाल तर व्हिसाला थोडी मदत झाली तर झाली, त्यात लाजण्यासारखे काही नाही. चौतीस वर्षांची बायको, दोन नकार पदरी, नवरा वर्षातून एकदा येणारा, आणि दोघांनी ठरवले की आता थांबायचे नाही, मूल होऊ दे, कदाचित त्याला पाहून तरी त्यांना आपले नाते खरे वाटेल. अशा जोडप्याला मी काय म्हणून बोल लावू? पण उत्तर नाही असेल, किंवा उत्तर फक्त एकाचे असेल, तर थांबावे. कारण नकारानंतर खारघरच्या त्या फ्लॅटमध्ये बाळाला घेऊन एकटी राहणार आहे ती. सासर-माहेरात काही बिनसले, तिकडे नवऱ्याचे मन बदलले, तर ते मूल पुरावा राहत नाही, ओलीस होते. बाप म्हणतो पाठव, आई म्हणते मला बोलाव, आणि मध्ये दोन देशांचे कायदे. असे घडलेले मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

हजरत उमर यांची ती रिवायत आठवते. रात्री गस्त घालताना, नवरा दूर मोहिमेवर असलेल्या एका स्त्रीची तळमळ त्यांच्या कानी पडली. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सांना विचारले की बाई नवऱ्यावाचून किती काळ राहू शकते. त्यावरून सैनिकांना किती महिन्यांत घरी पाठवायचे हे ठरले. काही रिवायतींत चार महिने येतात, काहींत सहा. खलीफाने आपला कायदा एका बाईच्या एकटेपणावर मोजून घेतला. आजची सरकारे एकत्र राहिल्याचा पुरावा मागतात आणि एकत्र राहू देत नाहीत. तीन आठवड्यांच्या सुट्टीतून संसार सिद्ध करून दाखवा म्हणतात. आणि आपण, त्या सरकारांना काही म्हणता येत नाही म्हणून, सगळी घाई त्या मुलीवर लादतो.

केवळ लंडन-ओटावाकडे बोट दाखवून चालणार नाही. फाळणीनंतर कोकणातल्या काही घरांची सोयरीक कराचीशी राहिली. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर आपल्या सरकारने, दीर्घ मुदतीचे आणि आणखी काही मोजके प्रकार सोडून, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, आणि त्या आठवड्यात अटारीच्या फाटकावर जे दिसले ते सगळ्यांनी पाहिले. आईचा पासपोर्ट एका देशाचा, पोटच्या पोरांचा दुसऱ्या देशाचा. मूल कडेवर असूनही पाऊल पुढे पडेना. हल्ला अमानुष होता आणि सरकारला सुरक्षेचा विचार करणे भाग होते, यात वाद नाही. पण मूल झाले की सरकारे विरघळतात, या समजुतीचे काय होते ते तिथे दिसले. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यातही भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला नोंदणीसाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. मूल असल्याने ती वर्षे कमी होत नाहीत. उलट ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघांपैकी एक जण बेकायदा स्थलांतरित ठरला, तर मुलाचेच नागरिकत्व जाते. आईच्या कागदाची शिक्षा मुलाला. तिकडे मुलाच्या कागदाचे बक्षीस आईला. दोन्हीकडे लेकराला स्वतःचे असे काही नाही.

ज्यांना अर्ज करायचाच आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडे कामाचे. नाते खरे असल्याचे सांगणारे कागद मुलावाचूनही पुष्कळ असतात आणि आपले लोक ते जपून ठेवत नाहीत. नवऱ्याने दर महिन्याला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, येण्याजाण्याची तिकिटे, फोन आणि संदेशांच्या नोंदी, दोन्ही घरची माणसे दिसतील असे निकाहाचे आणि नंतरच्या ईदचे फोटो, सुट्टीत एकत्र कुठे गेला असाल तर त्याची बिले. निकाहनामा काझींच्या वहीत राहू देऊन भागत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे. खारघर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, तिथेच ते होते. उर्दू निकाहनाम्यातल्या नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का ते भाषांतर करण्याआधी पाहावे, नंतर फार त्रास होतो. आणि मूल आधीच असेल तर त्याचा जन्मदाखला जरूर लावावा. तो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला असतो, त्याच्या भाषांतराचे पैसे कुणाला देऊ नयेत.